अर्थ पार्टनरला विचारावा

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे खुर्चीतूनच). तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला? माझी तब्येत ठणठणीत आहे, अब्रूचं तेवढं विचारू नकोस.

पत्त्यांतल्या ब्रिजचं अजिंक्यपद यंदाही आपल्याकडेच. वर्तमानपत्रातलं ब्रिजचं रविवारचं सदर चालू आहे (माझ्या पार्टनरच्या एकेका चुकीवर दोन-दोन रविवार निघतात), पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय (पहिलीच्या उरलेल्या प्रती पलंगाखाली आहेत, हे भावजींना सांगू नकोस). पण घरी आल्यावर ‘जिंकलो’ हे करंडकालाच सांगावं लागतं, आणि आताशा ते जड जातं.

दातांच्या डॉक्टरीणबाई तुला ठाऊक आहेत, तुझी कवळी त्यांनीच बसवली. कित्येक वर्षं त्या स्पर्धेत माझ्याविरुद्ध खेळतात, म्हणजे बसतात माझ्या शेजारी (ब्रिजमध्ये पार्टनर समोर आणि शत्रू शेजारी, शेजाऱ्यांबद्दल तुझंही हेच मत आहे). पानं इतक्या शांतपणे टाकतात की हरतानाही माणसाला बरं वाटतं. मला त्या फार आवडतात. लिहून टाकलं एकदाचं.

तर अंतिम फेरीनंतर क्लबच्या जिन्यात, चष्मा पुसता पुसता त्या म्हणाल्या की चार दिवस समुद्रकाठी जातेय, तुम्हीही चला. शहाण्या माणसाने हो म्हणावं की नाही? पण आमच्यात नियम असा, की प्रतिस्पर्ध्याच्या बोलीचा (म्हणजे हातातल्या पानांबद्दल तो पार्टनरला जो इशारा देतो त्याचा) अर्थ कळला नाही तर तो बोली लावणाऱ्याला विचारायचा नाही, त्याच्या पार्टनरला विचारायचा. उभा जन्म पाळलेला नियम जिन्यात सुटतो होय? मी ‘कळवतो’ म्हणालो आणि तडक त्यांच्या पार्टनरकडे गेलो. हे गृहस्थ निवृत्त न्यायाधीश. आधी निकाल देतात, मग खटला ऐकतात. म्हणाले, अर्थ उघड आहे, बाईंना तुमच्या नव्या आवृत्तीचं हस्तलिखित निवांत ऐकायचंय.

मी ऐकवलं. समुद्राकडे पाठ करून, सकाळ-संध्याकाळ, बचावाच्या खेळाची सगळी प्रकरणं. पहिल्या दिवशी बाई हसत होत्या. दुसऱ्या दिवशी, जन्मभर दुसऱ्यांना ‘आ’ करायला लावणाऱ्या त्या माउलीने स्वतः तीनदा जांभई दिली. तिसऱ्या दिवशी त्यांना अचानक कोणाची तरी दाढ आठवली आणि त्या परत निघाल्या. मी स्टेशनपर्यंत सोडायला गेलो (वाटेत परिशिष्ट राहिलं होतं, ते संपवलं). तेव्हापासून टेबलावर माझ्याकडे बघत नाहीत. आमच्या खेळात चेहरा कोरा ठेवावाच लागतो, पण हा कोरेपणा निराळा आहे गं. त्या गेल्या तर पुढच्या म्हातारपणाचं काय करायचं, मला सुचत नाही.

तेव्हा कवळी सैल झाल्याचं निमित्त काढून तू त्यांच्याकडे जा, आणि त्या आमंत्रणाचा खरा अर्थ काय होता ते हळूच विचार. विचारणारी तू, मी नव्हे, तेव्हा नियमातही बसेल.

तुझा,
धाकटा

ता. क. जाऊ नकोस. पाकीट पुन्हा फोडून लिहितोय. पोस्टाच्या वाटेवर त्यांचा दवाखाना लागतो, पाय आपोआप आत वळले. खुर्चीत आडवा झालो आणि तोंडात आरसा यायच्या आत सगळं सांगून टाकलं: मला चुकीचा अर्थ सांगितला गेला होता, आणि अशा वेळी नियमाप्रमाणे खेळाडूला आपली बोली बदलून मिळते. त्या म्हणाल्या, मग बदला. मी सरळ लग्नाचंच विचारलं. बाई बराच वेळ माझी खालची दाढ बघत राहिल्या, आणि हो म्हणाल्या.

आणखी एक. लग्नाची नोंदणी पुढच्या महिन्यात आहे, नोटिशीची मुदत संपली की. साक्षीदारांत तू आणि भावजी हवे आहात. माझा करडा कोट तुझ्याकडे राहिलाय, तो इस्त्री करून आण.

शेवटचं. आता स्पर्धेतही जोडीने खेळू, असं मी म्हटलं, तर साफ नाही म्हणाल्या. संसार करीन, पण पार्टनर म्हणून टेबलाला बसणार नाही; तुमच्या पार्टनरांचं पुढे काय होतं, ते मी दर रविवारी तुमच्या सदरात वाचते.