बेटावरची सभा

होहोए, ६ फेब्रुवारी १९९८

चि. सेफाकोरला मामाचे पोटभर आशीर्वाद.

शिक्षक संघटनेच्या टोर्कोपे शाखेची तू अध्यक्ष झालीस, ही बातमी मला बाजारात मासळी घेताना कळली. तुझी मामी तेव्हापासून आळीभर सांगत सुटली आहे की पोरीला पाढे मीच शिकवले.

आता कान इकडे कर. त्या शाखेचा चिटणीस म्हणून मी केस पांढरे केले आहेत. पहिलं काम सभागृहाचं घे. पाया माझ्या वेळी घातला, त्यावर आज शेळ्या चरतात. भिंती उभ्या राहिल्या की खजिनदार अग्बेन्यो गुरुजींसारखी जुनी खोडं खूश होतील. ती नाराज झाली की वाटेत कशी आडवी पडतात, ते मी भोगलंय. सरोवरातल्या बेटांवर शिकवायला जाणाऱ्या मास्तरांना चांगली होडी मिळवून देईन, असं काहीतरी तू निवडणुकीत बोललीस म्हणे. निवडणुकीतलं बोलणं निवडणुकीतच राहू दे.

मामीनं कसाव्याचा कीस भाजून केलेली गारी पाठवली आहे. वेळेवर जेव. आशीर्वाद मागावे लागणार नाहीत, ते येतच राहतील.

तुझा,
देलालीमामा

टोर्कोपे, २ मार्च १९९८

ती. मामांना सेफाकोरचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुमचा सल्ला पहिल्यांदाच मोडला. रागावण्याआधी पुढचं वाचा.

कार्यकारिणीत मी विचारलं की आधी काय, सभागृह की होडी? अग्बेन्यो गुरुजी म्हणाले, की पोरी, बेटवाल्यांना एवढी निकड असती तर ते सभेला आले नसते का? सगळे खो खो हसले. मामा, त्या दिवशी सरोवरावर वारा पिसाळला होता. शाळा सुटल्यावर बेटावरून त्यांची होडी परत निघणार कशी? मग मी म्हटलं की मत पुढच्या शनिवारी घेऊ, पण सभा बेटावर भरेल. सभेची जागा अध्यक्षानं ठरवायची, हा नियम तुमच्याच वेळचा!

मास्तर रोज ज्या होडीतून जातात तिच्यातूनच आम्ही निघालो. मधोमध, धरणाच्या वेळी बुडालेल्या झाडाचा शेंडा तळाला खरवडला, फळी उकलली आणि पाणी आत आलं. गुरुजी ठेवणीतलं वस्त्र नेसून आले होते. ते आपल्या टोपीनं पाणी उपसत एकेका पूर्वजाला नावानिशी हाका मारू लागले. मला पोहता येत नाही, पण अध्यक्षानं किंचाळायचं कसं? दात आवळून हसत राहिले. शेजारी बेटावरच्या शाळेतली एन्योनाम बाई बसली होती, सातवा महिना. ती शांतपणे गुरुजींना म्हणाली, की सोमवारीही ही टोपी आम्हाला द्याल ना?

शाळेच्या पडवीत सभा भरली. मी तोंड उघडण्याआधीच गुरुजी ओल्या कपड्यांनी उभे राहिले. म्हणाले, सभागृहात शेळ्या नीट सभा भरवताहेत, त्यांना भरवू द्या; आधी होडी. एकूण एक हात वर!

राग आला असेल तर पत्रातून शिव्या द्या, पण माया पातळ करू नका.

तुमची,
सेफाकोर

होहोए, १० मार्च १९९८

चि. सेफाकोरला अनेक उत्तम आशीर्वाद.

पाया माझा, म्हणून दोन दिवस फुगून बसलो. मग टोपीचं मामीला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं ठसका लागेपर्यंत हसलो. अग्बेन्यो टोपी कुणाला शिवूसुद्धा देत नसे.

पण ठराव म्हणजे होडी नव्हे, बाळ. शिक्षण कचेरी गोड बोलेल, मग एकेका बेटवाल्याला गाठून बदलीचा धाक घालेल. त्यांना एकटं पडू देऊ नकोस. ज्यांच्या शाळा काठावरच्या गावांत आहेत, त्यांना शेजारी उभं कर. मी बोललो त्यातलं एवढं तरी ऐक.

तुझ्या काळजीत दोन म्हातारे आहेत, हे ध्यानात ठेव.

देलालीमामा

टोर्कोपे, १२ मे १९९८

ती. मामा-मामींना सेफाकोरचा नमस्कार. वि. वि.

जिंकलो, मामा!

कचेरीनं आधी सांगितलं, की नेमणूक बेटावर आहे हे घेतानाच ठाऊक होतं, आता रडता कशाला? मग तुमचं ऐकलं. मागच्या महिन्यातल्या एका सोमवारी शाखेतला एकही मास्तर शाळेत गेला नाही. सगळे खडूच्या पेट्या घेऊन काठावर येऊन बसले. एवढे संसार माझ्या शब्दावर पणाला लागले होते. दुपारी मासळीवाल्या बायांनी भांडीभर अक्पले, म्हणजे मक्याच्या उकडीचे गोळे, आणि भेंडीचं कालवण आणून आमच्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, आमची पोरं तुम्हीच शिकवता, उपाशी भांडू नका.

चौथ्या दिवशी कचेरीतले साहेब स्वतः आले. गुरुजींनी मोठ्या अदबीनं त्यांना जुन्या होडीतून बेटावरच्या शाळा तपासायला येण्याची विनंती केली. साहेबांनी एक पाय आत टाकला. बूट पाण्यात बुडाला. पाय बाहेर घेतला आणि तिथंच, सगळ्यांदेखत, होडी देतो म्हणाले.

काल ती निघाली! इंजिनाची, रुंद, प्रत्येकाला नारिंगी लाइफ जॅकेट. मीही गेले. एन्योनामला मुलगी झाली, ती रजेवर आहे. पण बाळाला खांद्यावर घेऊन निरोप द्यायला काठावर आली होती.

घंटेच्या कितीतरी आधी पोचलो. मास्तर इतक्या लवकर येतात, हे पोरांना ठाऊकच नव्हतं. अर्धी शाळा पाण्यात डुंबत होती. आम्हाला पाहून एकच पळापळ! गणवेश हातात, चपला कुठेतरी, निथळत्या अंगांनी सगळे वर्गात धावले. पहिल्या तासाला जमिनीवर तळी साचली होती. कुणीही कुणाला रागावलं नाही.

सुट्टी पडली की दोघंही या. मामींना सांगा, मामांच्या पोटावरूनही जॅकेट बंद होतं. मी गुरुजींच्या तेवढ्याच पोटावर घालून पाहिलंय.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
सेफाकोर