ताईचं डोकं

३ जानेवारी
निवृत्तीनंतर रिकाम्या बसणाऱ्यांतली मी नाही. ठरलं. शिल्पकला. पहिलं काम, ताईचं डोकं. मातीत, खऱ्या मापाचं. ताई मार्चअखेर मुलाकडे परदेशी जाते आहे, कायमची. तोवर तयार हवं. वेळ भरपूर आहे. कॉलेजात चित्रकलेचे सर म्हणाले होते, तुझ्या हातात काहीतरी आहे. ह्यांनी विचारलं, काय आहे ते बोलले होते का? दुर्लक्ष केलं.

५ जानेवारी
माती आणली. मागच्या खोलीतून ह्यांचं सामान हलवलं. ह्यांनाही हलवलं. माती ओल्या फडक्यात ठेवावी लागते, नाहीतर कडक होते. रोज सकाळी फडकं भिजवणे. शिस्त म्हणजे शिस्त.

१९ जानेवारी
स्टूल डुगडुगतं. सुतार उद्या येतो म्हणाला. पुस्तकात लिहिलंय, उजेड उत्तरेचा हवा. आमची खिडकी पश्चिमेला. बिल्डरला अक्कल नव्हती. फडकं भिजवलं.

२ फेब्रुवारी
सुतार अजून उद्याच येतो आहे. ताई आली. बसली कसली, बोलतच होती. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, तिथे मी बोलू कुणाशी, या विचारानं झोप लागत नाही, वगैरे. म्हटलं, ताई, जबडा हलवू नकोस. म्हणाली, लहानपणीही तू असंच करायचीस. काय करायचे ते ऐकलं नाही. कपाळाचं माप घेत होते.
बसल्या बसल्या तिनं उरलेल्या मातीचं बाहुलं केलं. मी म्हणे! ओठ आवळलेले, बोट उगारलेलं. मान नाहीच. प्रमाण साफ चुकलेलं. मोडायला गेले तर हे म्हणाले, खबरदार. फ्रिजवर नेऊन ठेवलं आणि बराच वेळ हसत होते.

२० फेब्रुवारी
नाक पुन्हा मोडलं. चूक दिसली की मला राहवत नाही. जन्मभर पेपर तपासलेत. नवी पद्धत: एकेक अवयव निर्दोष करायचा, मगच पुढचा. सुरुवात डाव्या कानापासून. कान सोपा असतो.

१० मार्च
कान सोपा नसतो.

१८ मार्च
ताई खिडकीशी बसली होती. जड कानातल्यांनी पाळीचं भोक ओघळलंय, ते आजवर कधी दिसलंच नव्हतं. मातीत अंगठ्यानं जरासं दाबलं आणि आलं. तस्संच आलं. गॅसवर दूध उतू गेलं, बेल वाजली, मला पत्ता नाही. मान वर केली तर अंधार पडलेला आणि ताई केव्हाच निघून गेलेली. हे म्हणाले, तू गुणगुणत होतीस. अशक्य.

१९ मार्च
या वेगानं आठवड्यात डोकं पूर्ण. ताईला फोन केला, रोज येऊन बसायचं. म्हणाली, बॅगा भरायच्यात गं. लोकांना कशाला महत्त्व द्यावं कळत नाही.

२९ मार्च
ताई गेली. एअरपोर्टवर गळ्यात पडून रडली. म्हटलं, रडू नकोस, मला चेहरा लक्षात ठेवायचाय.

६ एप्रिल
ताईचा फोन. घरात दिवसभर चिडीचूप असतं म्हणाली. मग विचारलं, माझं काय काय झालं? म्हटलं, एक कान. पण अगदी तुझा. म्हणाली, पुरे की. तुला माझा तेवढाच लागायचा.

७ एप्रिल
फ्रिजवरचं बाहुलं वाळून टणक झालंय. फडकं भिजवलं. सोमवारपासून नाक. तसं कानाला सांगितलं.