आप्पासाहेबांची परवानगी

३ जानेवारी १९९४

सांडूला आज वर्गात उभं ठेवलं. कॉन्व्हेंट शाळेतून निवृत्त झाले तरी सवय जात नाही. विद्यापीठात भाषाशास्त्राच्या पोरांना मी एवढंच शिकवते – बोली टिपायला दुसऱ्याच्या वस्तीवर गेलं की कसं वागावं. आणि हा फर्दापूरजवळच्या भिल्ल वस्तीवरून भागूबाईची गाणी टेप करून आला.

"तिला विचारलंस?"

"आप्पासाहेबांना विचारलं ना, मॅडम. ती त्यांच्याच शेतात कामाला जाते."

गाणार ती, परवानगी यांची! मालक "गा" म्हणाला तर मजूर बाई नाही कशी म्हणेल? सांडू देवगाव रंगारीचा, शेतकऱ्याघरचा. "आमच्याकडं मालकाला विचारल्याबिगर कुणी वस्तीवर जात नाय," म्हणे. वर टेपची एक प्रत आप्पासाहेबांना कबूल करून आलाय. मठ्ठ म्हटलं त्याला.

५ जानेवारी

विभागप्रमुख म्हणाले, "बाई, गाणीच तर आहेत." म्हटलं, तुमच्या मिसेस स्वयंपाकघरात गुणगुणतात ते टेप करून गल्लीत लावू का?

ठरलं – आधी भागूबाई ऐकणार. तोवर प्रत कुणालाही नाही. सांडू फुगलाय. त्याचा प्रबंध याच गाण्यांवर उभा आहे.

९ जानेवारी

एस.टी.नं फर्दापूर. पाठ मोडली.

भागूबाई दारात शेंगा फोडत होती. टेप लावली. आधी हसली. दुसरं गाणं लागलं तशी तिनं टेपरेकॉर्डरवर हातच ठेवला.

"हे मालकानं ऐकलं का?"

"नाय, मावशी."

"त्याला आमची बोली कळती, बाबा."

मग तिनंच अर्थ सांगितला. गाण्यात आप्पासाहेब आहेत, वस्तीवरच्या टोपणनावानं. उन्हाळ्यात त्यांनी विहिरीला घातलेलं कुलूप आहे, रिकामे हंडे घेऊन परतणाऱ्या बायका आहेत. सांडूला ही बोली अजून उमगत नाही. तो नुसते आवाज लिहून घेत होता.

"मालक समोर नव्हता, म्हणून तोंडातून गेलं. त्यानं ऐकलं तर उद्यापासून काम बंद. पुसून टाक."

सांडूनं माझ्याकडं पाहिलं. मी शेंगांकडं पाहिलं. मग त्यानंच बटण दाबलं. टेप पुसायलाही गाण्याइतकाच वेळ लागतो. तिघं शेंगा खात बसलो.

परतीच्या गाडीत गाढ झोपले. कितीतरी दिवसांनी.

१० जानेवारी

सांडूनं आप्पासाहेबांना निरोप धाडला – "टेप माझ्या हातून पुसली गेली." आमच्या कॉन्व्हेंटच्या मदरनासुद्धा यात खोटं सापडलं नसतं. पोरगा प्रबंधाबद्दल चकार शब्द बोलला नाही. चुकले, त्याला मठ्ठ म्हणायला नको होतं.

१४ जानेवारी

विद्यापीठाचं नामांतर झालं. आमच्या गल्लीत पेढे, पलीकडच्या गल्लीत दारं बंद. वाळूजची बस निम्मी रिकामी गेली. किती ताटकळवलं लोकांना! आज जरा मोकळं वाटतंय.

२२ जानेवारी

सांडू धापा टाकत आला. भागूबाईचा निरोप – कोरी टेप घेऊन या. तेच गाणं पुन्हा गाणार आहे, आप्पासाहेबांच्या अंगणात, त्यांना समोर बसवून. वस्तीवरच्या सगळ्या बायका हंडे घेऊन येणार आहेत. एकटीचं काम बंद करील, सगळ्यांचं कसं करील, म्हणते.

"मॅडम, आता परवानगी कुणाची घ्यायची?"

"तिनं दिलीय," म्हटलं, "आपल्याला."