रिकामा रकाना

सोमवार, ४ तारीख
लागले एकदाची नोकरीला! पुरुषांचा वॉर्ड, अठ्ठावीस खाटा, दुपारपाळीला आम्ही दोघी नर्स. लॉकरचं दार नीट लागत नाही, पण लॉकर माझा एकटीचा आहे. आधीची नर्स महिन्याभरात सोडून गेली म्हणे. का, असं विचारलं तर सगळ्यांनी विषय बदलला. सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा मात्र गमतीशीर. आयुष्यभर शिवणकाम केलेला माणूस. माझी बाही एक बोट लांब आहे, हे त्यांनी बघताक्षणी सांगितलं. आईला फोन केला. ती म्हणाली, पहिले पंधरा दिवस तोंड बंद आणि डोळे उघडे ठेव.

बुधवार, ६
दर दोन तासांनी प्रत्येकाची नाडी, ताप, रक्तदाब मोजून चार्टवर लिहायचा. दोघींत अठ्ठावीस म्हणजे पळता भुई थोडी. काल दोन रकाने राहिले, तर इन्चार्ज सिस्टरनी सगळ्यांदेखत माझी बिनपाण्याने केली. मग जोडीदारणीने हळूच युक्ती शिकवली. दोनच्या फेरीतच चारचे आणि सहाचे आकडेही लिहून टाकायचे, थोडे वरखाली करून. सगळ्याच करतात. इन्चार्जनाही ठाऊक आहे, त्यांना फक्त रिकामा रकाना चालत नाही. आज मीही केलं. पाळीत पहिल्यांदाच पाणी प्यायला मिळालं.

शुक्रवार, ८
आजोबा गेले.
तीन वाजता त्यांच्या मुलीचा फोन आला होता. मी टेबलावरचा चार्ट बघूनच सांगितलं की बाबा छान आहेत, काम उरकून सावकाश या. दहा पावलं चालून खाटेपाशी गेले नाही. पावणेचारला आया मावशी चादर बदलायला गेली, तर हात गार. डॉक्टर म्हणाले, पाऊण तास तरी झाला असेल. चार्टवर माझ्या अक्षरात चारची नाडी ७८, सहाची ७६.
इन्चार्जनी कोरा चार्ट पुढे केला. मी चारचे-सहाचे आकडे गाळून पुन्हा लिहिला आणि जुना फाडून टाकला. मुलगी साडेपाचला आली. माझा हात धरून म्हणाली, शेवटी तुम्ही जवळ होतात, बरं झालं. मी मान हलवली. लाज वाटते मला माझी.

रविवार, १०
सात नंबर रिकामा आहे. पायथ्याशी चार्ट लटकतोय. मी फाडलेला, तोच. मावशीला दाखवला तर तिला काही दिसेना. म्हणाली, आधीच्या सिस्टरपण इथे अशाच उभ्या राहायच्या.

मंगळवार, १२
फाडला की पुन्हा असतो. आज वर नाव आजोबांचं नाही — माझं. दोनला नाडी ९६. मनगट धरून मोजली. ९६.

बुधवार, १३
दोनला १०८. मोजली, बरोबर. चारला १२४. बरोबर. सहाचा रकाना रिकामा. आजोबांची मुलगी आज त्यांचे कागद न्यायला येणार आहे. तिला सगळं खरं सांगून टाकणार. नोकरी गेली तर गेली.

साडेपाच. ती आली. तुम्ही बाबांचं किती केलंत, म्हणाली. इन्चार्ज बघत होत्या. मी — पुन्हा मान हलवली.

पावणेसहा. जिन्यातच असेल अजून. धावले तर गाठेन — पाय उचलत नाहीत.

सहाला पाच कमी. सात नंबरवर मी कधी आडवी झाले? इन्चार्ज पायथ्याशी, हातात पेन. म्हटलं, सिस्टर, मोजा तरी — मोजत नाहीत. नुसतं लिहितात. ७६. छान आहे, म्हणतात. मनगट धरलंय मी, कधीची धरून बसलेय, पण नाडी कुठे लाग