एका चाकाच्या तीन जावा

४ फेब्रुवारी, मंगळवार

पडले! तीनदा! भिंतीला धरून उभी राहिले, तर भिंत मागे आणि चाक पुढे. पण चौथ्यांदा दारापासून दिव्याच्या खांबापर्यंत गेले — एकटी — उभ्याउभ्या — एका चाकावर! वय वर्षं एकसष्ट!

लेक दारात उभी, मनगटाला प्लास्टर, हात गळ्यात बांधलेला. "आई, उतर! तुझं हाड मोडलं तर मी दुकान बघू का तुला सांभाळू?"

म्हटलं, तुझं मोडलंय ते मी सांभाळतेच आहे की!

करणार काय? पुढच्या खोलीत हिचं दुकान. विजेवर पळणाऱ्या तीन एकचाकी गाड्या, आणि चालवून दाखवणारी ही एकटी. परवा कुत्रं आडवं आलं, मनगट गेलं. सहा आठवडे हात बांधलेला. असलं यंत्र कुणी डोळ्यांनी चालताना बघितल्याशिवाय घेत नाही. त्यात कंपनीचा साहेब महिनाअखेरीस बघायला येतोय. दुकान थंड दिसलं तर एजन्सी काढून घेणार. मग ही पुन्हा त्या जुन्या कचेरीत फोन उचलत बसणार. तिथून यायची तेव्हा चप्पल काढायचंही त्राण नसायचं पोरीत. नको ते.

५ फेब्रुवारी

गुडघे ठणकतात. उद्या परत.

९ फेब्रुवारी, रविवार

आज तिन्ही चालवल्या! लेक त्यांना आकड्यांनी ओळखते — इतके इंच, तितके वॅट. माझ्या लक्षात आकडे राहत नाहीत, जावा राहतात. म्हणून बारसं केलं.

धाकटी. चाक एवढंसं. वळायचं नुसतं मनात आणा, वळली! शेजारीण काय वाळत घालतेय ते बघायला मी मान वळवली, तर थेट तिच्या दारात. चोंबडी आहे. रस्त्यातला खडान्‌खडा तळपायाला येऊन सांगते.

थोरली. अवजड धूड, पोटात स्प्रिंगा. पुढे झुकलं तर आधी ऐकतच नाही, आणि एकदा ऐकलं की थांबायचं नाव नाही. थांबवायला खुर्चीत बसल्यासारखं मागे रेलावं लागतं. पण खड्ड्यावरून काय जाते! खड्डा होता हे मागाहून कळतं. वेग फार झाला की चिरकते, आणि तरी नाही ऐकलं तर पायाखालच्या फळ्या पुढून वर उचलते — बास बाई, मागे हो. सासरीही मला एक टोकणारी थोरली होती. तिचं कधी ऐकलं नाही, हिचं ऐकते.

मधली. आगाऊ बया! डांबरावरसुद्धा टणाटण उड्या. वळताना निसटायला बघते. माझे दात आपटले, आणि आहेत ते थोडेच आहेत.

१२ फेब्रुवारी

गिऱ्हाईक आलं! गणिताचे मास्तर. चांगले गोलमटोल. शाळा लांब, अर्धा रस्ता दगडी, आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे धाकटी दगडांवर नको, थोरली जिन्यातून उचलवणार नाही. लेक आकडे सांगत होती, मास्तर वहीत लिहीत होते. मी म्हटलं, "मास्तर, आकडे राहू द्या. पायाला काय वाटतं ते विचारा."

"बरं, मधली कशी आहे?"

"तिचं नाव काढू नका. चेंडूसारखे उडाल — म्हणजे तसे तुम्ही मूळचेच —"

लेकीने डोळे वटारले. मास्तर हसले, पण स्वतःच्या पोटाकडे बघत. "विचार करतो," म्हणाले. हे म्हणजे नाहीच की.

१३ फेब्रुवारी

काय करून बसले मी!

लेकीने सकाळी मधलीचं टायर दाबून बघितलं. "आई, यात हवा कुणी भरली?"

मीच! अंगठ्याने दाबलं, दबतंय असं वाटलं, म्हणून पंप मारला — टायर दगड होईपर्यंत. सायकलला असंच करायचो आम्ही. लेक म्हणाली, अगं, इथे दुसरं चाक नाही, सीट नाही. तुझी उशी म्हणजे ते टायरच. माणसाचं वजन बघून हवा ठेवायची. मग मीटर लावून बरीचशी फुस्स केली.

पुन्हा चालवली — अगं बाई, लोणी! सांगितलं की वळते, न सांगता नाही. खडे हिलाही कळतात, पण कानात सांगते, बोंबलत नाही. तिघींत समजूतदार हीच! आणि मी तिला आगाऊ म्हणून मोकळी!

१४ फेब्रुवारी

सकाळी सातला मधलीवर उभी राहून शाळेच्या फाटकात हजर. अख्खी शाळा खिडक्यांत.

"मास्तर, मधली निर्दोष आहे. हवा माझी, चूक माझी."

मास्तर म्हणाले, "काकू, वीस वर्षं पेपर तपासतोय. आपण होऊन चूक दाखवायला आलेलं माणूस पहिलंच."

मग हळूच, "माझ्यासाठी किती हवा लागेल?"

"आधी वजन सांगा."

"ते नाही सांगणार."

"मग अंदाजानेच भरते — भरपूर!"

या वेळी पोट धरून हसले.

१६ फेब्रुवारी

घेतली! मास्तरांनी मधली घेतली! बोळाच्या टोकापर्यंत हात पसरून गेले, विमानासारखे. मी मागून ओरडले, "गुडघे सैल सोडा! गणित नाही ते!"

२८ फेब्रुवारी

साहेब आले. मी थोरलीवरून खड्ड्यांच्या रस्त्याने दोन फेऱ्या मारल्या, तिसरी हौसेने. तेवढ्यात मास्तर त्यांच्या चित्रकलेच्या बाईंना घेऊन आले. बाईंना धाकटी हवी!

साहेब लेकीला विचारतात, "यांचं वय काय?"

"विचारू नका, चावतील."

एजन्सी राहिली! राहिली! राहिली! लेक एका हाताने नाचली.

१७ मार्च

लेकीचं प्लास्टर निघालं. मी आधीच थोरली पुसून दारात काढून ठेवली होती. तिने एक पाय फळीवर ठेवला. दुसरा उचललाच नाही. मग चाक बंद केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तूच दाखवत जा. मला आता नाही जमणार."

थोरली आत नेली.

दुकानाचं दार लावून घेतलं. नवी धाकटी खोक्यातून काढली. लेकीचा हात उचलून माझ्या खांद्यावर ठेवला. म्हटलं, "चढ. भिंत मागे राहते, मी नाही राहणार."