दुप्पट पॉइंटांचं कार्ड

घाटंजी,
१२ नोव्हेंबर २००६

ती. दादास,
मोनालीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आम्ही इथं बरे आहो, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. बाबांचा उजवा डोळा तर गेलाच आहे. आता डाव्यानंही कडेचं दिसत नाही. परवा अंगणात आई पाण्याचा गंज घेऊन येत होती, तिलेच धडकले. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करा, पण लवकर. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी वाचते.

खरेदी केंद्रावर यंदा बाबांना बोलावलं नाही. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तिथं कापसाची प्रत लावली. आता केंद्रावर गाड्याच येत नाहीत, सारा कापूस व्यापाऱ्याकडे चालला. तर ऑपरेशनचे पैसे एकदम कुठून आणायचे? तू लिहिलं होतं, तुझ्या हापिसात बँकेचा माणूस क्रेडिट कार्ड देऊन राह्यला म्हणून. ते दवाखान्यात चालते काय? चालत असन तर घेऊन टाक.

पुण्याच्या हवेत आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी मोनाली

पुणे,
२४ नोव्हेंबर २००६

चि. मोनालीस अनेक आशीर्वाद. आई-बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

कार्ड दवाखान्यात चालतं. पण घाई करू नये असं माझं मत आहे. पहिल्या बँकेचं कार्ड पंधरा दिवसांत मिळेल, पण शंभर रुपयांना एकच पॉइंट. दुसऱ्या बँकेचं दवाखान्याच्या बिलावर दुप्पट पॉइंट देतं, वर सुरुवातीचे वेगळे, आणि त्या पॉइंटांवर रेल्वेचं तिकीट निघतं. मी तक्ता मांडून पाहिला. एका ऑपरेशनच्या बिलात आई-बाबांचा परतीचा प्रवास वातानुकूलित डब्यातून फुकट होतो. बाबांनी जन्मभर एसटीच्या दांड्याला धरूनच प्रवास केला. एकदा तरी पांघरूण घेऊन झोपून जाऊ देत.

हे कार्ड यायला दीड महिना लागेल. तेवढ्यानं काय बिघडतं? तू मात्र बी.एड.चा अभ्यास सोडून पत्रंच लिहीत बसू नकोस.

मी आहे, काळजी नसावी.
तुझा दादा, इंद्रजित

घाटंजी,
६ डिसेंबर २००६

ती. दादास सप्रेम जयभीम. वि. वि.

मले वाटते, पहिलंच कार्ड घे. असं मी बाबांजवळही बोलली. ते म्हणाले, पोराले हिशेब कळते, त्याच्या मनानं होऊ दे, मले काही घाई नाही. देवीलालच्या चहाच्या टपरीवर ते सगळ्यांले सांगून आले की लेक थंड डब्यातून नेणार आहे. इतके खुश होते की मी पुढं बोललीच नाही.

पण दादा, काल ताट समोर असून त्यांनी आईले विचारलं, वरण वाढलं नाही काय?

आठवण ठेव, आणि पत्र लवकर टाक.
मोनाली

पुणे,
४ मार्च २००७

चि. मोनालीस आशीर्वाद. वि. वि.

आई-बाबा सुखरूप पोचले असतील. स्टेशनवर बाबांनी मोनालीला काही लिहू नको म्हणून बजावलं, तरी लिहितो. भाड्याच्या खोलीचा पत्ता चालत नाही म्हणून दुसऱ्या बँकेनं दोनदा फॉर्म परत केला. तोवर पहिल्या बँकेच्या माणसाला मीच नको म्हणून सांगून बसलो होतो. कार्ड वीस फेब्रुवारीला हातात आलं आणि लगेच मी त्यांना बोलावलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याची नस वाळली आहे, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. त्रास कधी कळला, असं त्यांनी विचारलं. मी नोव्हेंबर म्हणालो. ते कागद भरत राहिले. बाबांनी माझा गुडघा चाचपला आणि विचारलं, तुझी सुट्टी तर वाया नाही ना गेली?

कार्डावर नुसती तपासणीची फी भरली. तेवढ्या पॉइंटांत तिकीट बसत नव्हतं, साध्या डब्यातूनच दोघांना परत पाठवलं. पॉइंटांवर मिळणाऱ्या वस्तूंची यादी बँकेनं पाठवली आहे, सोबत जोडतो. मला ती बघवत नाही. मोनाली, मला रागावून एक पत्र लिही.

तुमच्या मायेला पात्र नसलेला,
इंद्रजित

घाटंजी,
१५ मार्च २००७

ती. दादास सप्रेम जयभीम. वि. वि.

रागावूनच लिहायले बसली होती. दोन पानं लिहिली आणि फाडली. डिसेंबरात मीही गप्प बसली, त्याचं काय करू?

बाबांले आता दुपारचं ऊन तेवढं कळते, तेही अंगावर पडलं तर. जेवून झोपतात आणि उठले की सकाळ झाली समजून तोंड धुतात, आईले चहा मागतात. पहिल्या दिवशी आई हसली. आता चहा ठेवते.

तुझी यादी त्यांनी मले वाचायले लावली. जेवणाचा सेट, प्रवासाची बॅग, इस्त्री, कॅमेरा. कॅमेऱ्यावर मी थांबली नाही, पुढं वाचत गेली. शेवटी भिंतीवरचं घड्याळ आहे. त्यांनी विचारलं, ते टोले देते काय? यादीत तसं काही लिहिलेलं नाही. तेवढं बँकेत विचारून कळव.

आमचा लोभ आहे तसाच आहे, हे बाबांनी मुद्दाम लिहायले सांगितलं.
मोनाली