डाव्या मडगार्डचा पोचा

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, खरा घालायला वाकलो तर उठवायला दोन माणसं लागतील अशी सध्या कंबर आहे). तुझं ब्लडप्रेशर, वहिनींचे गुडघे आणि गच्चीवरच्या कुंड्या सगळं ठीक असेल असं धरून चालतो, कारण तू स्वतःहून काही कळवत नाहीस आणि विचारलं तर 'बरं आहे' एवढ्यावर भागवतोस. इकडे आम्हीही बरे आहोत. बरे म्हणजे हयात आहोत. अक्षर वेडंवाकडं आलंय ते उजवं मनगट बांधलेलं आहे म्हणून. त्याचं कारण पुढे येईलच.

परवाच्या रविवारी आपली गाडी शाळेच्या मैदानात लोकांना दाखवली. आपली म्हणजे अण्णांची, लढाईतली अँब्युलन्स. जी त्यांनी तरुणपणी जखमी माणसं भरून चालवली, लढाई संपल्यावर लिलावात घेतली, दुधाचे कॅन वाहिले, आणि जी पुढे मागच्या शेडमध्ये गंजत पडली, तीच. रिटायर झाल्यावर माणसं वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत बसतात. मी सुखातला जीव दुःखात घातला आणि सहा वर्षं तिच्या खाली झोपलो. (आमची ही म्हणते, तिच्या खाली झोपलात त्याच्या निम्मं घरात झोपला असतात तर बरं झालं असतं.) बस डेपोत तीस वर्षं दुसऱ्यांनी ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ केले, पण असं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. आणि खरं सांगू? लोकांचं मला काही नव्हतं. अण्णांच्या तोंडून एकदाच 'जमलंय' एवढं ऐकायचं होतं. चौसष्टाव्या वर्षी बापाकडून हे हवं असं लिहायला लाज वाटते, पण लिहिलं.

मदतीला दोघे होते. एक इतिहासाचे रिटायर्ड मास्तर, ज्यांनी गाडीच्या माहितीचे साडेचार फलक लिहिले (अर्धा फलक का, तर रंग संपला, मजकूर नाही). दुसरा आपल्या गल्लीतला गादीवाला. त्याला मी मागच्या दोन स्ट्रेचरना कापड लावायला सांगितलं होतं. आता या माणसाचा जन्म गेला सिनेमागृहाच्या खुर्च्या शिवण्यात. त्यानं स्ट्रेचरला चार बोटं फोम घातला, वर लालभडक मखमल चढवली आणि कडेनं पितळी खिळे ठोकले. मास्तरांनी कपाळाला हात लावला. गादीवाला म्हणाला, जखमी माणसाला काय टोचायला हवंय? मास्तर फलक रंगवायला निघून गेले, माझ्याकडे वेळ नव्हता, आणि मखमल राहिली.

लोक आले, भरपूर आले. येऊन प्रत्येकानं पहिल्यांदा विचारलं, तोफ कुठंय? अँब्युलन्सला तोफ नसते, हे मी दुपारपर्यंत इतक्या वेळा सांगितलं की शेवटी माझा स्वतःचाच विश्वास उडायला लागला. तोफ नाही म्हटल्यावर निम्मे जण माझ्याकडे असे बघत की जणू मीच विकून खाल्ली. उरलेल्यांनी अ‍ॅव्हरेज विचारलं. एकानं बारा मिनिटं बॉनेटमध्ये डोकं घालून पाहिलं, मला वाटलं दर्दी भेटला, तर त्याचा चष्मा आत पडला होता. मास्तरांचे फलक कुणी दोन ओळींपलीकडे वाचेना, म्हणून ते फलकाशेजारी उभे राहून मोठ्यानं वाचू लागले, आणि तिकडची गर्दी पांगली. नगराध्यक्षबाई दीड तास उशिरा आल्या. इंजिन हँडल मारून चालू करायचं होतं. दुसऱ्या झटक्याला हँडल उलटं फिरलं आणि मनगटाचे बारा वाजले. (हेच ते कारण.)

पण मूळ गोष्ट वेगळीच आहे, आणि मघापासून मी तिच्याभोवती घिरट्या घालतोय.

सकाळी नऊ वाजता, गर्दी व्हायच्या आधी, अण्णांना इस्त्रीचा शर्ट घालून घेऊन गेलो. त्यांनी काठी टेकत गाडीला एक फेरी घातली. दिवे पाहिले, पायरी पाहिली. मग डाव्या मडगार्डवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. म्हणाले, "पोचा कुठे गेला?"

तुला कोणता पोचा ते सांगायला नको. तूच पाडलेला, एकोणिसाव्या वर्षी, फाटकाच्या खांबावर गाडी ठोकून. ज्यावरून अण्णा अख्ख्या गल्लीसमोर तुला नाही नाही ते बोलले आणि तू संध्याकाळी बॅग उचललीस. त्यानंतर तू लग्नकार्याला येतोस, फाटकाशी रिक्षा थांबवूनच ठेवतोस. डेपोत लागल्यापासून मी दहादा म्हटलं असेल, अण्णा, काढून देतो, तासाभराचं काम आहे. दर वेळी म्हणायचे, राहू दे. मला वाटायचं, हट्टीपणा. मी काय केलं, तर यंदा न विचारता काढला. इतका बेमालूम काढला की नख फिरवलं तरी कळू नये. आणि तेच मी छाती फुगवून त्यांना सांगितलं.

ते जाऊन कडेच्या खुर्चीवर बसले. अकराच्या सुमारास पाहतो तो खुर्ची रिकामी. आमची ही, मास्तर, मी, तिघंही मैदान धुंडाळतोय. इकडे गाडीच्या मागच्या दाराशी ही झुंबड! अण्णा मखमली स्ट्रेचरवर डोळे मिटून उताणे पडलेले, आणि लोक म्हणतायत, वा, पुतळा काय हुबेहूब केलाय! एक बाई म्हणाल्या, फक्त कान जरा मोठे झालेत. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरनं उजेडासाठी त्यांची हनुवटी वळवली, तेव्हा पुतळा "हात काढ" म्हणाला आणि फोटोग्राफर पायरीवरून खाली गेला.

बाहेर यायला तयार होईनात. मी आत जाऊन शेजारच्या स्ट्रेचरवर बसलो. म्हणाले, लढाईभर मी पुढे बसून गाडी हाकली, मागे कधी वळून पाहिलं नाही. नुसतं ऐकलं. वळून पाहिलं असतं तर हाकवली नसती. पुढे म्हणाले, तो गेला तेव्हाही नाही पाहिलं (तो म्हणजे तू). मग कूस वळवून म्हणाले, ही माझी गाडी नाही. उद्घाटन त्यांच्यासकटच झालं. मी डाव्या हातानं तिसरा झटका मारला तेव्हा आतून आवाज आला, "चोक कमी कर." केला, आणि गाडी सुरू झाली.

असो. दमलो आहे. 'जमलंय' काही ऐकायला मिळालं नाही. वहिनींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे वाचून लगेच निघायची काही गरज नाही. अण्णा ठणठणीत आहेत, फक्त जेवण जरा कमी झालंय आणि दुपारभर शेडमध्ये जाऊन बसतात.

ता. क. २ : खोटं कशाला लिहू, काल मी हातोडा घेऊन पोचा परत पाडला. तीस वर्षं पोचे काढण्यात गेली, पोचा कसा दिसतो हे मला कुणी शिकवायला नको. सहा वर्षांच्या रंगावर पहिला घाव डाव्या हातानं, डोळे मिटून घातला. अण्णांनी हात फिरवला आणि म्हणाले, "हा तुझा आहे. त्याचा नाही."

ता. क. ३ : फाटकाचा खांब अजून तिथेच आहे. गाडी मी चालू करून ठेवतो, चोक अण्णा सांगतील, तू फक्त ये आणि ठोक. रिक्षा मात्र सोडून दे. आत्ता अण्णांना विचारलं, दादाला आणखी काही लिहू का? त्यांनी काठीनं खांबाकडे दाखवलं. मग म्हणाले, लिही, ओरडणार नाही म्हणावं.

लिहिलं.